पुरावा कोणी द्यायचा?

मंडळी, आपल्या जिल्ह्यातला एखादा माजी सैनिक डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर झाल्याचं इंग्रजी पत्र घेऊन सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात येतो, तेव्हा त्या पत्रातलं एकच वाक्य कामाचं असतं: आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. मग तो विचारतो, "साहेब, आता पुरावा कुठून आणू?"

इथं आपण जरा थांबू. पुरावा त्यानंच आणायचा, हे ठरवलं कोणी?

भरतीच्या वेळी डोळे, कान, छाती सगळं तपासूनच सैन्य माणसाला घेतं. त्या तपासणीत आजाराची नोंद नसेल, तर तो आजार नोकरीत जडला असं धरून चालायचं, असं 1982 चे नियम सांगतात. धरमवीर सिंग खटल्यात हाच प्रश्न होता. हा सिपाही 1985 मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झाला आणि फिट्स येतात म्हणून 1994 मध्ये त्याला घरी पाठवलं. अपंगत्व 20 टक्के. वैद्यकीय मंडळानं आजार प्रकृतीतलाच ठरवला, पण कशावरून, ते लिहिलंच नाही. 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं पेन्शन मंजूर केली. भरतीच्या वेळी आजार ओळखता येण्यासारखा नव्हता असं म्हणायचं असेल, तर मंडळानं कारणं द्यावीत. पुराव्याचा भार सैनिकावर नाही.

आता हा निकाल पाठ करून कोणी निर्धास्त होऊ नये. 2008 पासून सप्टेंबर 2023 पर्यंत निवृत्त झालेल्यांना 2008 चे नियम लागू झाले. त्यांतही सामान्यतः सैनिकाकडे पुरावा मागत नाहीत, पण एक मेख आहे. निवृत्तीनंतर 15 वर्षं उलटून दावा केला आणि तोवर मुदत संपली म्हणून सेवेची कागदपत्रं नष्ट झाली असतील, तर भार सैनिकावर येतो. म्हणजे कागद त्यांच्या कपाटातले, नष्ट करणारे तेच, आणि अडचण मात्र आपल्या माणसाची! आम्हाला हे न्याय्य वाटत नाही, पण नियम असा आहे.

म्हणून घरी येतानाच शेवटच्या वैद्यकीय मंडळाच्या अहवालाची प्रत मागून घ्या. राहिली असेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात अर्ज करा. अहवालात कारणं लिहिलीत का, ते आधी बघा. अपील फेटाळलं, तर पुढं मुंबईला सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई. जाताना त्या अहवालाच्या दोन प्रती बरोबर ठेवा.