वेलस्लींचा थोरला

असईच्या लढाईमुळे आपल्याकडे वेलस्ली म्हटलं की आर्थर आठवतो. पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजलेला. पण मराठी सत्तेच्या मुळावर आलेला डाव कलकत्त्यात बसून मांडला तो त्याच्या थोरल्या भावाने, रिचर्डने. ८२ वर्षांच्या त्याच्या आयुष्यात घर आणि राजकारण वेगळं काढता येत नाही. दोन्हीकडे एकच ठसठस: आपल्याला आपला मान पुरता मिळाला नाही.

रिचर्ड जन्मला २० जून १७६० रोजी, आयर्लंडच्या मीथ परगण्यातल्या डँगन कॅसलला. घराणं इंग्रज वंशाचं, प्रॉटेस्टंट, पिढ्यान् पिढ्या आयर्लंडात जमीनदारी करणारं. अशांची गोची ठरलेली. आयरिश कॅथलिक रयतेला ते परके आणि लंडनच्या उमरावांच्या लेखी दुय्यम. वडील गॅरेट, अर्ल ऑफ मॉर्निंग्टन, हे संगीतकार. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले संगीताचे पहिले प्राध्यापक. सुरांना पक्के, हिशेबाला कच्चे. १७८१मध्ये ते वारले तेव्हा विशीतल्या रिचर्डच्या गळ्यात किताबाबरोबर कर्ज आणि धाकटी भावंडंही पडली. त्याने ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट सोडलं, कर्ज फेडायला आयर्लंडातली इस्टेट विकली, भावंडांना मार्गी लावलं. आर्थरला फौजेत चिकटवलं तेही त्यानेच. ‘वेस्ली’ हे आडनाव बदलून जुनं, भारदस्त ‘वेलस्ली’ लावायला सुरुवात केली तीही याच माणसाने!

लग्नात मात्र त्याने प्रतिष्ठेची पर्वा केली नाही. यासिंथ रोलाँ ही पॅरिसची नटी. तिच्यापासून पाच मुलं झाल्यावर १७९४मध्ये दोघांनी लग्न केलं. लंडनच्या बड्या घरांनी तिला कधी आपली मानली नाही. १७९८मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला तेव्हा ती विलायतेतच राहिली.

इथे मात्र त्याला मोकळं रान मिळालं. वर्षभरात, मे १७९९मध्ये, श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला. बक्षीस म्हणून मार्क्विस हा किताब आला, पण आयर्लंडच्या सरदारवर्गातला. वेलस्ली संतापला. दुहेरी मुलामा दिलेला बटाटा हातात ठेवलाय, असं त्याने लिहून ठेवलंय. एक राज्य बुडवलेल्या माणसाला झोप लागेना ती किताब आयरिश निघाला म्हणून.

पुढची पाळी पुण्याची. २५ ऑक्टोबर १८०२ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजा उधळल्या. दुसरा बाजीराव कोकणात उतरला आणि शेवटी इंग्रजांच्या आश्रयाला वसईत गेला. ३१ डिसेंबरला तह झाला: पेशव्यांनी इंग्रजांची तैनाती फौज बाळगायची, तिच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा आणि परराज्यांशी बोलणं इंग्रजांना विचारून करायचं. तैनाती फौजेची कल्पना वेलस्लीची नव्हे, पण तिचं हत्यार केलं त्याने. गादी शाबूत ठेवायची, गादीवरच्याचे हात बांधायचे. पुढच्याच वर्षी आर्थरने असई, आडगाव आणि गाविलगड घेतले, उत्तरेत जनरल लेकने दिल्ली जिंकली. वर्षअखेरीला भोसले आणि शिंदे तह करून मोकळे झाले.

या धामधुमीत कलकत्त्यात त्याने स्वतःला साजेसा राजवाडा बांधून घेतला. कंपनीच्या संचालकांना आधी विचारण्याची तसदी घेतली नाही. त्यांना तो वाणी-उदमीच समजत असे. १८००मध्ये काढलेलं फोर्ट विल्यम कॉलेजही तसंच, परस्पर. तिथेच विल्यम केरी मराठी शिकवत, आणि त्यांचं मराठीचं व्याकरण १८०५मध्ये छापून निघालं. वेलस्लीची सद्दी संपली तीही त्याच वर्षी. होळकरांनी कर्नल मॉन्सनची फौज पळवून पळवून मारली, भरतपूर काही केल्या पडेना, कंपनीच्या डोक्यावर कर्ज चढलं. संचालकांनी त्याला परत बोलावलं.

विलायतेत पार्लमेंटात त्याच्यावर आरोप झाले, ते टिकले नाहीत. १८१०मध्ये यासिंथशी फारकत झाली. परराष्ट्रमंत्रिपद मिळालं, १८१२मध्ये पंतप्रधानपद हाताशी आलं, पण त्याच्या हाताखाली काम करायला कोणी तयार होईना. १८२१मध्ये तो लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे राजाचा प्रतिनिधी, होऊन आयर्लंडात परतला. कॅथलिकांना हक्क द्यावेत या मताचा असल्याने कडव्या प्रॉटेस्टंटांना तो डोळ्यांसमोर नको होता. डिसेंबर १८२२मध्ये डब्लिनच्या नाट्यगृहात त्याच्या दिशेने प्रेक्षकांतून बाटली भिरकावण्यात आली. १८२५मध्ये त्याने दुसरं लग्न केलं ते मॅरियन पॅटरसन या अमेरिकन कॅथलिक विधवेशी. तिचे आजोबा चार्ल्स कॅरल हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक.

१८२८मध्ये पंतप्रधान झाला आर्थर. कॅथलिकांच्या प्रश्नावर भावांचं पटेना, म्हणून थोरल्याने डब्लिनचं पद सोडलं. गंमत अशी की पुढच्याच वर्षी आर्थरनेच कॅथलिकांना हक्क देणारा कायदा करून घेतला.

रिचर्ड वारला २६ सप्टेंबर १८४२ला. मुलं लग्नाआधीची, म्हणून कायद्याने वारस नाहीत; मार्क्विसचा किताब त्याच्याबरोबर संपला, मॉर्निंग्टनची अर्लकी भावाकडे गेली. एक मुलगा जेराल्ड होळकरांच्याच इंदूर दरबारी कंपनीचा रेसिडेंट होता. मुलगी ॲन पहिल्या नवऱ्याला सोडून लॉर्ड चार्ल्स बेंटिंकबरोबर पळून गेली आणि पुढे त्याच्याशी लग्न केलं. त्यांच्या मुलाची नात म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथ राणीची आई. ज्या नटीला लंडनने उंबऱ्याबाहेर ठेवलं, तिचा वंश आज बकिंगहॅम राजवाड्यात आहे.