वल्ह्याला अजून काम आहे

सांवेर रोडने इंदूरचे कारखाने मागे टाकत उत्तरेला गेलं की उज्जैनला क्षिप्रा भेटते. अशा नदीवर वल्ह्याची होडी आता हौसेपुरतीच, असं म्हणणं घाईचं ठरेल. इंजिन वेगवान, हे खरंच. पण त्याच्या पंख्याला खोली लागते आणि क्षिप्रा इतकी आटते की २०१४पासून तिच्यात नर्मदेचं पाणी आणावं लागलं. वल्ह्याचं पातं गुडघाभर पाण्यातही चालतं. होडीच्या कडेवर टेकलेली ती साधी तरफ: नावाडी पाठमोरा बसून मूठ छातीशी ओढतो, होडी सरकते. जाळं टाकायला, पैलतीरी चार माणसं उतरवायला एवढा वेग पुरतो. महेश्वरला, नर्मदेच्या मधोमध उभ्या बाणेश्वर मंदिराकडे जाताना मात्र प्रवाह ओढतो. तिथे मोटरच बरी.