भाकिते, भाकरी आणि आपला ऊस



गुढीपाडव्याला पंचांगातले संवत्सरफल ऐकायचे, मृग लागला की यंदा वाहन कोणते, कोल्हा की बेडूक, यावर पारावर वाद घालायचा, अक्षय्य तृतीयेनंतर बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीत काय निघाले ते पेपरात वाचायचे, ही आपली जुनी रीत. शेती म्हणजे उद्याच्या भरवशावर आज बी टाकणे. त्यामुळे उद्या काय होणार हे विचारल्याशिवाय शेतकऱ्याला चैन पडत नाही.

पण भाकिते सांगणारे फक्त आपल्याकडेच आहेत असे नाही. मोठमोठ्या विद्वानांनी शेतीची आणि अन्नाची भाकिते केली आहेत, आणि आजही करीत आहेत. गटसभांना आम्ही गेलो की हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, अजून वीस वर्षांनी ऊस राहील का? पोराला शेतीत ठेवू का नको?" याला एका वाक्यात उत्तर देणारा माणूस एक तर ज्योतिषी असला पाहिजे, नाही तर पुढारी. आम्ही दोन्ही नाही. म्हणून आजवरच्या भाकितांचे पुढे काय झाले ते आधी पाहू, आणि त्यातून आपल्या बांधावर काय न्यायचे ते ठरवू.

उपासमारीची भाकिते

इंग्लंडात माल्थस नावाच्या पाद्र्याने १७९८ साली एक निबंध लिहिला. माणसे दुणीने वाढतात, धान्य तसे वाढत नाही, म्हणून शेवटी रोगराई आणि उपासमार ठरलेली, असा त्याचा हिशेब होता. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८९८ मध्ये, सर विल्यम क्रुक्स या रसायनशास्त्रज्ञाने ब्रिस्टलच्या सभेत जाहीर इशारा दिला. गव्हाला नत्र लागते, ते नत्र चिलीच्या खाणीतल्या सोऱ्यातून येते, तो सोरा एक दिवस संपणार आणि १९३१ च्या सुमारास गहू खाणाऱ्या देशांना गहू पुरणार नाही, असे त्याने सांगितले. पण क्रुक्स एवढ्यावर थांबला नाही. हवेत नत्र अफाट आहे, ते उतरवून खत करा, हे काम रसायनशास्त्रज्ञांचे आहे, असेही त्याने बजावले. पुढे जर्मनीत हाबरने १९०९ मध्ये ते प्रयोगशाळेत करून दाखवले आणि बॉशने १९१३ मध्ये त्याचा कारखाना उभा केला. आपण आज युरियाचे पोते फोडतो त्याचे मूळ तिथे आहे. आज जगातली जवळजवळ निम्मी माणसे या हवेतल्या नत्रावर पिकलेले अन्न खातात, असा अंदाज आहे.

तिसरे भाकीत थेट आपल्यावर होते. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दुष्काळाची वर्षे. अमेरिकेच्या पी.एल. ४८० कायद्याखाली गव्हाची जहाजे येत, तेव्हा कुठे रेशन चाले. १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडा म्हणून देशाला सांगितले होते, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आजही लक्षात आहे. अशा वेळी १९६७ मध्ये पॅडॉक नावाच्या दोघा अमेरिकन भावांनी पुस्तक काढले, की १९७५ पर्यंत मोठा दुष्काळ येणार आणि हिंदुस्थान वाचण्यापलीकडे गेलेला आहे, तेव्हा तिकडे धान्य पाठवून उपयोग नाही. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, पॉल एर्लिक या प्राध्यापकाने १९७० च्या दशकात कोट्यवधी माणसे भुकेने मरतील असे लिहिले.

झाले काय? डॉ. बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केलेला बुटका गहू डॉ. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे रुजवला. १९६६ मध्ये १८ हजार टन बियाणे जहाजाने आणले. १९६४-६५ मध्ये देशाचा गहू सुमारे १.२३ कोटी टन होता, तो १९७०-७१ मध्ये २.३८ कोटी टनांवर गेला. म्हणजे भाकीत करणाऱ्यांची शाई वाळते न वाळते तोच गहू जवळपास दुप्पट!

तरीही भाकीत अगदीच वाऱ्यावर गेले असे म्हणू नका. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राने भोगला. रेशनवरच्या मिलोच्या लाल भाकऱ्या, खडी फोडायची कामे आणि सुकडी हे सगळे आपल्या आधीच्या पिढीने पाहिले. पण त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. १९५०-५१ मध्ये देशात सुमारे ५ कोटी टन धान्य पिकत होते आणि खाणारी तोंडे होती ३६ कोटी. आज तोंडे १४० कोटींच्या वर गेली, आणि धान्य २०२३-२४ मध्ये ३३ कोटी टनांच्या पुढे गेले.

सोन्याच्या दिवसांची भाकिते

वाईट भाकिते फसतात तशी चांगलीही फसतात. बर्थेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये सांगितले होते, की २००० साल उजाडेल तेव्हा शेतीच उरणार नाही. माणूस कारखान्यात बनवलेली गोळी खाऊन राहील. २००० साल येऊन गेले. आपल्याकडे गोळ्या भरपूर झाल्या, पण त्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या! भाकरी काही सुटली नाही.

१९३१ मध्ये चर्चिल यांनी लिहिले, की पन्नास वर्षांत अख्खी कोंबडी न वाढवता हवा तेवढाच मांसाचा भाग वाढवता येईल. पन्नास वर्षांत ते झाले नाही. पण प्रयोगशाळेत वाढवलेले कोंबडीचे मांस विकायला सिंगापूरने डिसेंबर २०२० मध्ये परवानगी दिली. म्हणजे गोष्ट खरी ठरते, पण तिच्या स्वतःच्या वेळेला. भाकितातली तारीख धरून कोणी कर्ज काढू नये, हा याचा धडा.

उसाच्या मुळावर आलेली भाकिते

आता घरचे बोलू. जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसाच्या पानाखाली पांढरा कापूस पिंजून टाकल्यासारखा लोकरी मावा दिसला आणि बघता बघता सगळ्या पट्ट्यात पसरला. "आता ऊस संपला" हे त्या वर्षी चावडीवर कोण म्हणत नव्हते? फवारे मारून लोक थकले, माणूसभर उंच उसात फवारणार तरी कसे? शेवटी मावा आटोक्यात आणला तो डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी. ज्या फडात अळ्या दिसल्या तिथली पाने कापून दुसऱ्याच्या फडात टाकायची, आणि औषध मारणे थांबवायचे, एवढेच काम होते. पण ते एकाने करून भागत नव्हते, गावाने मिळून करावे लागले.

उलट गोष्ट उत्तर प्रदेशातली. २००९ मध्ये प्रसारित झालेल्या को ०२३८ या वाणाने तिथे टनेज आणि उतारा दोन्ही दिले. शेतकरी खूश, कारखाने खूश. पुढे राज्यातल्या ८० टक्क्यांहून अधिक ऊसक्षेत्रावर हा एकच वाण झाला. सगळे आलबेल आहे असे वाटत असतानाच लाल कुज आली आणि उभे फड वाळले. एकाच वाणावर सगळी भिस्त ठेवली तर काय होते, हे त्यांनी भोगले. आपल्याकडेही को ८६०३२ म्हणजे नीरा आणि फुले २६५ सोडून तिसरे नाव पुष्कळ सभासदांच्या तोंडी येत नाही. याचा विचार व्हावा.

आणि २०२३ चे तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. साखर कमी पडणार असे भाकीत झाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. नोव्हेंबरअखेरीस अवकाळी झाला, ऊस सावरला आणि राज्यात हंगामअखेर साखर सुरुवातीच्या अंदाजापेक्षा जास्त निघाली. निर्बंध उठले ते ऑगस्ट २०२४ मध्ये. तोवर अनेक आसवन्यांचा हंगाम हातचा गेला होता. बघा, पाऊस चुकल्याने नुकसान होते, तसे अंदाज चुकल्यानेही होते.

आजची भाकिते, आणि त्यातले एक

आज काय सांगतात? संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगाची लोकसंख्या २०८० नंतरच्या दशकात १,०३० कोटींच्या आसपास जाऊन मग उतरू लागेल. म्हणजे तोंडे अजून वाढणार. ऊन वाढणार, पाऊस कमी दिवसांत जास्त पडणार. हवेत कर्बवायू वाढला म्हणजे पीक वाढेल असे काही जण म्हणतात. ते गहू-भाताला थोडेफार लागू आहे. ऊस, मका, ज्वारी ही पिके मुळातच कर्बवायू दाटून घेऊन वापरतात, त्यांना त्याचा फायदा फारसा नाही. उन्हाचा आणि पाण्याच्या ताणाचा तोटा मात्र पुरेपूर.

दुसरीकडे बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टच्या प्रक्षेत्रावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ऊस पिकवण्याचे काम २०२४ मध्ये पुढे आले. उपग्रह, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर मिळून पाणी कधी, खत किती हे मोबाइलवर सांगतात. चांगली गोष्ट आहे, जरूर पाहून यावी. पण मोबाइल पाणी कधी द्यायचे ते सांगेल, विहिरीत पाणी आणून देणार नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून?

आणि हेच ते एक भाकीत, ज्याला हसून चालणार नाही, पाण्याचे. राज्याच्या एकूण पीकक्षेत्रात उसाचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास, पण सिंचनाच्या पाण्यातला वाटा ७० टक्क्यांच्या जवळ, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने मांडले आहे. या आकड्यावर वाद घाला, पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पिण्याचे पाणी रेल्वेने न्यावे लागले, यावर वाद नाही. आणि कृष्णाकाठी उलट तऱ्हा. तिथे पाणी जास्त झाल्याने काळ्या जमिनी खारवट-चोपण झाल्या, आजोबाने ऐंशी टन काढलेल्या रानात नातवाला लव्हाळा काढावा लागतो.

आम्ही कारखान्याची माणसे. जास्तीत जास्त लागण नोंदवणे हे आमचे काम, त्यावरच आमचा हिशेब होतो. तरीही स्पष्ट सांगतो: ज्या विहिरीला मार्चनंतर पाणी नसते, त्या विहिरीच्या भरवशावर सुरूची लागण धरू नका. नोंदीत एकर वाढला आणि मे महिन्यात फड वाळला, तर नुकसान तुमचे आणि कारखान्याचेही. अर्ध्या एकरात पुरेसे पाणी देऊन पिकवलेला ऊस, एकरभर तहानलेल्या उसापेक्षा बरा.

भाकीत खोटे पाडायचे कसे?

वरच्या सगळ्या हकिकतीत एक गोष्ट सारखी दिसते. वाईट भाकिते आपोआप खोटी ठरली नाहीत. ती ऐकून कोणी तरी कामाला लागले म्हणून ती खोटी ठरली. तेव्हा आपल्या हातातली कामे अशी:

१) पाचट जाळू नका. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. खोडव्यात ते सरीत ठेवून टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जीवाणू टाका. ओल टिकते, तण दबते, जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो. काडी लावली की हे सगळे धुरात जाते.

२) बेण्याला जीवाणूंची प्रक्रिया करा. हेक्टरी १० किलो ॲसेटोबॅक्टर आणि १.२५ किलो स्फुरद विरघळवणारे जीवाणू १०० लिटर पाण्यात मिसळून टिपरी अर्धा तास बुडवा. नत्राची निम्मी आणि स्फुरदाची पाव मात्रा वाचते, अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. उसाच्या आत राहून हवेतले नत्र धरणारा हा जीवाणू ब्राझीलमध्ये १९८८ मध्ये नोंदला गेला. क्रुक्सने रसायनशास्त्रज्ञाला सांगितलेले काम हा जीव उसाच्या पोटात बसून फुकट करतो!

३) ठिबक करा, आणि केले असेल तर ते चालवा. नळ्या गुंडाळून बांधावर ठेवून पाणी वाचत नाही. खतही त्यातूनच द्या.

४) बेणेमळा ठेवा, वाण मिसळा. दर तीन-चार वर्षांनी बेणे बदला. सगळे रान एकाच वाणाखाली घालू नका.

५) चोपण रानात आधी चर, मग लागण. माती-पाणी तपासून घ्या. चर एकट्याने काढून उपयोग नाही, खालच्या शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय पाणी जाणार कुठे? लोकरी माव्याच्या वेळी गाव एक झाले होते, तसे इथेही व्हावे लागेल.

राहिला प्रश्न, पोराला शेतीत ठेवायचे की नाही. ते तुमच्या घरात ठरेल, आम्ही सांगणारे कोण? पण ठेवणार असाल तर त्याच्या नावावर सातबाऱ्याबरोबर जिवंत माती आणि पाणी असलेली विहीरही जाऊ द्या. नुसता उतारा घेऊन तो काय करील?

यंदाच्या लागणीपूर्वी मातीचे नमुने गट ऑफिसला आणून द्यावेत आणि बेण्याची मागणी वेळेत नोंदवावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते