चांदीचा थर : बसवणे सोपे, टिकवणे कठीण

आरशामागील चांदीचा थर द्रावणातून बसवण्याची रीत जुनी आहे. सिल्व्हर नायट्रेटच्या अमोनियायुक्त द्रावणात अल्डिहाइड मिसळले, की चांदी धातुरूपाने काचेवर जमते, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३५ मध्ये नोंदवले. आज याच तत्त्वाने चांदीचे नॅनो कण घडवले जातात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग.

सिल्व्हर नायट्रेटच्या उकळत्या, पातळ द्रावणात सोडियम सायट्रेट घातले, की रंगहीन द्रावण पिवळसर होऊ लागते. इतके सूक्ष्म कण जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतात, म्हणून हा रंग दिसतो. सायट्रेटमुळे प्रत्येक कणाभोवती ऋणभार राहतो. परिणामी कण एकमेकांना दूर सारतात आणि त्यांच्या गुठळ्या होत नाहीत.

खरी अडचण पुढे आहे. पाण्यात काचेचा पृष्ठभागही ऋणभारित असतो, त्यामुळे कण तिला चिकटत नाहीत. म्हणून काच स्वच्छ धुऊन तिच्यावर आधी अमिनोसिलेनचा अतिशय पातळ लेप देतात. या रेणूचे एक टोक काचेशी घट्ट जोडले जाते. दुसऱ्या टोकाचा धनभार चांदीचे कण ओढून धरतो. अशी काच काही तास द्रावणात बुडवून ठेवली, की कणांचा थर बसतो. काचेवर तेलकट डाग राहिला असेल, तर तेथे थर विरळ बसतो.

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रात ही पकड आरोग्याचा प्रश्न ठरते. चांदीचे आयन जिवाणूंना मारतात. पण पिण्याच्या पाण्यात चांदीचे प्रमाण लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक आयएस १०५०० सांगते. उलट, पाण्यातील क्षारांचे पुट कणांवर चढले, तर आयन सुटणेच थांबते. आयआयटी मद्रासचे प्रा. टी. प्रदीप आणि सहकाऱ्यांनी यावर २०१३ मध्ये तोडगा मांडला. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे कायटोसान आणि अॅल्युमिनियमचे संयुग यांच्या जाळीत त्यांनी चांदीचे कण अडकवले. त्यातून लिटरमागे सुमारे ०.०४ मिलिग्रॅम एवढेच आयन, पण सातत्याने सुटतात.

चांदी निष्प्रभ झाली, तरी यंत्रातून येणारे पाणी तितकेच नितळ दिसते. म्हणूनच चांदीयुक्त कार्ट्रिज पाण्याकडे पाहून नव्हे, तर त्यावरील मुदत पाहून बदलणे हिताचे.