तारेपासून भोंग्यापर्यंत : इलेक्ट्रिक गिटारच्या टोनमागचे विज्ञान

इलेक्ट्रिक गिटारची तार हवेत जेमतेम ऐकू येईल एवढाच आवाज करते. तिचा खरा आवाज तारेखालच्या पिकअपमध्ये तयार होतो. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात थरथरली की क्षेत्र हलते आणि वेढ्यांमध्ये वीजदाब निर्माण होतो. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. हा दाब व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. एवढ्याशा वीजदाबावर पुढचे सगळे संस्कार होतात आणि त्या संस्कारांच्या बेरजेला वादक ‘टोन’ म्हणतात.

नेहमीच्या जुळणीत गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला ८२.४ वेळा कंप पावते, सर्वांत बारीक तार ३२९.६ वेळा. अगदी बाविसाव्या फ्रेटवर बोट ठेवले तरी मूळ स्वर ११७५ हर्ट्झच्या पुढे जात नाही. आवाज गोल, चकचकीत की कर्कश हे ठरते मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या उपस्वरांवरून. ब्रिजजवळचा पिकअप या उपस्वरांना जास्त वाव देतो, मानेजवळचा मूळ स्वराला. त्यामुळे अनेक इफेक्ट एकत्र देणाऱ्या प्रोसेसरच्या मेनूत बोटे घालण्याआधी पिकअपचा स्विच आणि गिटारवरचे नॉब फिरवून पाहणे शहाणपणाचे. टोनचा निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.

पिकअप आणि केबल मिळून एक विद्युत मंडल बनते. त्याचा अनुनाद बहुधा ३ ते ५ किलोहर्ट्झच्या दरम्यान येतो आणि आवाजाची धार त्याच पट्ट्यात असते. केबल लांबली की तिची धारिता वाढते, अनुनाद खाली सरकतो, धार बोथट होते. पुढच्या यंत्राचा इनपुट रोधही मोठा लागतो, सुमारे दहा लाख ओहम. मिक्सरच्या लाइन इनपुटचा रोध बहुतेक वेळा त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढाच असतो, म्हणून गिटार थेट मिक्सरला जोडली की आवाज मळकट येतो. प्रोसेसरचे पहिले काम हा रोध जुळवून देण्याचे आहे, मग त्यातला एकही इफेक्ट चालू नसला तरी.

पिकअपचे वेढे घरातल्या विजेचे चुंबकीय क्षेत्रही टिपतात. भारतात ही वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे एकपदरी पिकअप ५०, १००, १५० हर्ट्झच्या पटीत घोंगावतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये उलट वेढ्यांच्या आणि उलट चुंबकध्रुवांच्या दोन गुंडाळ्या शेजारी ठेवून यावर तोड काढली, तो हंबकर. तारेचा संदेश दोन्ही गुंडाळ्यांत एकमेकांत मिळतो, बाहेरची गुणगुण एकमेकींना खोडते. ज्या गिटारीत असा हंबकर नसतो, तिच्यासाठी प्रोसेसरमध्ये नॉइज गेट असतो. ठरावीक पातळीखाली संदेश गेला की गेट बंद होतो. पातळी चढी ठेवली तर लांबलेला शेवटचा स्वर मध्येच तुटतो. म्हणून तारा हाताने दाबून ठेवाव्यात, गेटची पातळी शून्यापासून हळूहळू चढवावी आणि गुणगुण थांबली की तिथेच थांबावे.

मल्टी-इफेक्ट प्रोसेसर येण्याआधी प्रत्येक इफेक्टची वेगळी डबी असे. १९६२ मध्ये माएस्ट्रो फझ-टोन बाजारात आला, १९७६ मध्ये बॉस कंपनीचा कोरस, १९७७ मध्ये त्यांचाच ओव्हरड्राइव्ह. मुंबईच्या चित्रपटसंगीतातल्या गाजलेल्या गिटारी याच काळातल्या. ‘दम मारो दम’ (१९७१) मधली भूपिंदर यांची गिटार किंवा ‘कर्ज’ (१९८०) मधली गोरख शर्मा यांची धून आजच्या एखाद्या स्वस्त प्रोसेसरवर उतरवायला बसले की लक्षात येते, त्या ध्वनिमुद्रणांत यंत्रांपेक्षा बोटांचा आणि स्टुडिओतल्या खोलीचा वाटा मोठा आहे. १९८८ च्या बॉस एमई-५ ने अनेक इफेक्ट पायाखालच्या एकाच पट्टीत आणले. १९९८ मध्ये लाइन सिक्सच्या पॉडने अ‍ॅम्प्लिफायरचीही गणिती प्रतिकृती डेस्कवर ठेवली.

अशा डिजिटल प्रोसेसरमध्ये गिटारचा संदेश सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजला जातो, आकड्यांवर गणित होते आणि आकड्यांचा पुन्हा वीजदाब होतो. या येण्याजाण्यात दोन-तीन मिलिसेकंद जातात. आवाज हवेत एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे तीन मिलिसेकंदांचा उशीर अ‍ॅम्पपासून एक मीटर लांब उभे राहण्याएवढा. तो कुणाला जाणवत नाही. संगणक किंवा मोबाइल मधे आला आणि उशीर वीस-तीस मिलिसेकंदांवर गेला की मात्र बोट आणि कान यांची फारकत होते.

सगळ्यांत जास्त गैरसमज डिस्टॉर्शनबद्दल आहेत. संदेश इतका वाढवायचा की यंत्राला त्याची शिखरे पेलवू नयेत आणि ती छाटली जावीत, एवढीच त्यामागची युक्ती. छाटलेल्या लहरीत नवे उपस्वर तयार होतात. वरची आणि खालची शिखरे सारखी छाटली तर विषम पटीचे: ११० हर्ट्झच्या स्वराला ३३०, ५५०, ७७० असे. असमान छाटली तर २२० आणि ४४० सारखे सम पटीचेही त्यात मिसळतात आणि आवाज काहीसा गोल लागतो.

दोन स्वर एकत्र छाटले जातात तेव्हा खरी गंमत होते. त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे तिसरेच स्वर उगवतात. ११० आणि १६५ हर्ट्झ म्हणजे षड्ज-पंचम. यांतून ५५ हर्ट्झचा स्वर निघतो, मूळ षड्जाच्या बरोबर एक सप्तक खालचा. रॉकमधले ‘पॉवर कॉर्ड’ दोनच स्वरांचे असूनही डोंगराएवढे का वाटतात, याचे उत्तर इथे आहे. त्यात गांधार मिसळला की चित्र बदलते. गिटारच्या फ्रेट समान अंतराच्या अर्धस्वरांवर बसवलेल्या असतात, त्यामुळे तिचा गांधार १३७.५ ऐवजी १३८.६ हर्ट्झवर पडतो. त्याची दुप्पट वजा ११० म्हणजे १६७.२. शेजारी पंचम १६४.८ वर वाजतोच आहे. या दोघांत सेकंदाला सुमारे अडीच हेलकावे उठतात आणि असे अनेक हेलकावे एकात एक गुंतून कॉर्ड चिखल होते. पूर्ण मेजर कॉर्ड वाजवायची असेल तर गेन, म्हणजे संदेशाची वाढ, उतरवण्याला पर्याय नाही. कितीही महाग प्रोसेसर घेतला तरी हे अंकगणित बदलत नाही.

नवशिक्यांचा गेन जवळपास नेहमीच जास्त असतो. गेन वाढला की हलका आघात आणि जोरदार आघात एकाच उंचीला येतात, हाताची लय सपाट होते, वर गुणगुणही तितकीच फुगते. रेकॉर्डवरचा जाड आवाज पुष्कळदा तोच तुकडा दोन-चारदा वाजवून एकावर एक ठेवल्याने आलेला असतो, आणि त्यातल्या प्रत्येक गिटारीचा गेन ऐकणाऱ्याला वाटतो त्याहून बराच कमी असतो.

डिजिटल डिस्टॉर्शनची एक स्वतःची खोड आहे. छाटण्यातून निघालेले उपस्वर मोजणीच्या वेगाच्या निम्म्यापलीकडे, ४८,००० च्या मोजणीत २४ किलोहर्ट्झपलीकडे गेले की ते नाहीसे होत नाहीत. उलटे फिरून ऐकू येणाऱ्या पट्ट्यात भलत्याच स्वरांवर उतरतात. चांगले प्रोसेसर छाटण्याचे गणित कित्येक पट वेगाने करून हे टाळतात. उंच स्वर वाकवताना मागे एखादा बेसूर स्वर उलट दिशेने सरकताना ऐकू आला, तर यंत्राने तिथे काटकसर केली आहे असे समजावे.

अ‍ॅम्पच्या प्रतिकृतीवरचे बेस, मिडल, ट्रेबल हे नॉब सगळे मधोमध ठेवले म्हणजे आवाज सपाट झाला, अशी समजूत असते. तसे होत नाही. फेंडर घराण्याच्या अ‍ॅम्पमध्ये या स्थितीतही मधल्या पट्ट्यात चांगला खळगा असतो आणि प्रतिकृतीने तोही इमानाने उतरवलेला असतो.

तरीही प्रोसेसरमध्ये टोनवर सर्वांत मोठा परिणाम करणारी पायरी कॅबिनेटची, म्हणजे स्पीकरच्या पेटीची. गिटारच्या अ‍ॅम्पमधला बारा इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने थकतो. डिस्टॉर्शनचे सगळे तीक्ष्ण उपस्वर तो गिळून टाकतो, आणि ‘गिटारचा आवाज’ म्हणून कानाला जो परिचित आहे तो हा गाळलेला आवाज. तोच संदेश हेडफोन किंवा पीए स्पीकरवर थेट सोडला तर डब्यात माशी अडकल्यासारखा लागतो. प्रोसेसरमध्ये यासाठी कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स असतो: खऱ्या कॅबिनेटपुढे माइक ठेवून टिपलेला क्षणिक प्रतिसाद, बहुधा काही दशक मिलिसेकंदांचा. गिटारच्या संदेशाचे या प्रतिसादाशी गणिती संवलन (कन्व्हॉल्यूशन) झाले की तो त्या कॅबिनेटमधून, त्या माइकमधून आल्यासारखा ऐकू येतो. माइक स्पीकरच्या मध्यावर असेल तर आवाज झळझळीत, कडेला असेल तर मऊ. मेनूत अ‍ॅम्प बदलत तास घालवण्यापेक्षा दोन-तीन कॅबिनेट बदलून पाहणे जास्त फळते. उलट प्रोसेसर खऱ्या गिटार अ‍ॅम्पला जोडायचा असेल तर कॅबिनेट बंद करावा लागतो, नाहीतर आवाज दोनदा गाळला जातो आणि घोंगडीखाली जातो.

आता प्रश्न हा टोन ऐकायचा कुठे. अहिल्यानगरच्या सावेडीसारख्या दाट उपनगरात भिंतीला भिंत लागून घरे, अपार्टमेंट आणि क्लासेस. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. साहजिकच सराव हेडफोनवर किंवा अगदी हलक्या आवाजात होतो आणि प्रीसेट, म्हणजे यंत्रात साठवलेले टोनही तिथेच जुळवले जातात. कानाचा स्वभाव इथे आडवा येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले की हलक्या आवाजात कान खर्जाला बहिरट होतो. हजार हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढा वाटायला १०० हर्ट्झच्या स्वराला सुमारे वीस डेसिबल जास्त लागतात. आवाज वाढत गेला की हे अंतर कमी होते. त्यामुळे रात्री घरी बेस आणि ट्रेबल चढवून, मिडल उतरवून सजवलेला टोन स्टेजवर गेला की खाली घुमतो, वर टोचतो आणि मधे गायब होतो.

गिटारची जागाच मधे असते. १०० हर्ट्झच्या खाली बेस गिटार आणि ढोल, वर झांजा आणि हाय-हॅट. गिटारला ५०० ते ३००० हर्ट्झचा पट्टा उरतो, तोही गायकासोबत वाटून घ्यायचा. म्हणून इक्वलायझरमध्ये ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे कापावे, ६-७ किलोहर्ट्झच्या वरचे कापावे आणि मिडलला हात लावू नये. एकट्याने ऐकताना असा टोन थोडा नाकातला वाटेल. बँडमध्ये तोच उठून दिसतो.

कॉम्प्रेसर, वा-वा हे डिस्टॉर्शनच्या आधी आणि कोरस, डिले, रिव्हर्ब नंतर, हा क्रम परंपरेने आला असला तरी त्याला कारण आहे. डिले आधी ठेवला तर प्रतिध्वनी आणि नवा स्वर एकत्र छाटले जातात आणि वर सांगितलेला चिखल पुन्हा होतो. डिलेचा वेळ गाण्याच्या लयीवरून काढतात: ६०,००० भागिले मिनिटाचे ठोके. शंभरच्या लयीत एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. केरव्याच्या चालीत त्याचा पाऊण, म्हणजे ४५०, छान खेळतो. दादऱ्यात ठोका तिनात विभागला जात असल्याने ४५० अडखळतो आणि ४०० बसतो. रिव्हर्ब जागा पाहून ठेवावा. फरशी आणि उघड्या भिंतींच्या मंगल कार्यालयात खोलीच भरपूर घुमते, तिथे रिव्हर्ब जवळजवळ बंद. मोकळ्या मैदानातल्या स्टेजवर प्रतिध्वनी परतत नाही, तिथे थोडा वाढवलेला बरा. मांडवातली ध्वनियंत्रणा बहुतेकदा मोनो असते. घरी हेडफोनवर डावी-उजवीकडे पसरलेला कोरस तिथे एकत्र येतो आणि दोन बाजू एकमेकींना अंशतः खोडतात. प्रोसेसर मोनोवर ठेवूनच असे इफेक्ट जुळवावेत.

महाराष्ट्रात गिटारचा प्रोसेसर गिटारइतकाच बँजोच्याही पायाशी दिसतो. मिरवणुकीतला हा बँजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज तायशोगोतो १९१२ मध्ये जपानमधील नागोयात गोरो मोरिता यांनी घडवला. रवी जाधव यांच्या ‘बँजो’ (२०१६) या चित्रपटाने या वादकांचे जग पडद्यावर आणले. बटणे दाबून वाजणाऱ्या पोलादी तारांखाली पिकअप बसवला की विद्युतदृष्ट्या हे वाद्य गिटारच होते आणि वरचे सगळे नियम त्याला लागू पडतात. एक फरक आहे. गिटारवादक न वाजणाऱ्या तारा हाताने दाबतो. बँजोवर सुराच्या तारा सतत कंप पावत असतील तर डिस्टॉर्शनमध्ये त्या प्रत्येक स्वराशी गुंततात. षड्ज-पंचमात जुळवल्या तर खर्ज भरतो, जरा उतरल्या तर प्रत्येक स्वर खरखरतो.

मिरवणुकीच्या गाडीवरचा भोंगा काही शे हर्ट्झच्या खाली जवळपास काहीच देत नाही आणि २ ते ४ किलोहर्ट्झवर मात्र ओरडतो. तरीही थोडा ओव्हरड्राइव्ह दिलेला बँजो त्यातून भरदार का वाटतो? मूळ स्वर गाळला गेला तरी त्याचे उपस्वर शाबूत असतील तर मेंदू गहाळ मूळ स्वर स्वतः भरून काढतो. छाटण्यातून हे उपस्वर आयते मिळतात. अशा वेळी कॅबिनेटचा मऊ नमुना निवडून ३ किलोहर्ट्झजवळ तीन-चार डेसिबल उतरवले की भोंग्याची किंचाळी आटोक्यात येते.

शेवटचे काम पॅचच्या, म्हणजे प्रीसेटच्या, पातळ्यांचे. डिस्टॉर्शन केलेला आवाज मीटरवर क्लीनएवढाच दिसला तरी कानाला मोठा लागतो, कारण त्याची सरासरी शक्ती जास्त असते. म्हणून मीटरपेक्षा कानावर विसंबून, कार्यक्रमाच्याच आवाजात, सगळे पॅच एकापाठोपाठ वाजवून पातळ्या जुळवाव्या लागतात. सोलोचा पॅच रिदमपेक्षा तीनएक डेसिबल वर पुरतो, आणि ही वाढ गेनमध्ये न देता पॅचच्या लेव्हलमध्ये द्यायची असते. वीजपुरवठाही तपासून घ्यावा: बहुतेक प्रोसेसरना मधले टोक ऋण असलेला ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लागतो. उलट्या ध्रुवाचा किंवा कमी मिलिअँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लावला तर यंत्र बिघडू शकते किंवा ऐन वेळी बंद पडते. काही छोटे प्रोसेसर चार पेन्सिल सेलवर चालतात आणि त्या स्थितीत अ‍ॅडॅप्टरमधून येणारी विजेची गुणगुणही उरत नाही.