पेट्रोलची वाफ आणि पंपावरचा कामगार
जतसारख्या दुष्काळी तालुक्यात उन्हाळा तापला, की पेट्रोलची वाफ अधिक वेगाने होते. गाडीची टाकी भरताना आत साठलेली वाफ बाहेर पडते आणि थेट पंपावरील कामगाराच्या श्वासात जाते. डोकेदुखी, चक्कर, मळमळ हे तिचे तात्कालिक परिणाम. खरा धोका वाफेतील बेंझिनचा. अस्थिमज्जेवर आघात करून ते रक्तपेशींची निर्मिती घटवते. दीर्घकालीन संपर्कातून रक्ताचा कर्करोगही संभवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२५ मध्ये पेट्रोललाही कर्करोगकारक ठरविले. वाफ परत ओढून घेणाऱ्या यंत्रणेची सक्ती मात्र मुख्यतः मोठ्या शहरांतील पंपांना आहे. त्यामुळे छोट्या गावांत नोझल आपोआप बंद होताच थांबणे, पेट्रोलने हात न धुणे आणि नियमित रक्ततपासणी हेच उपाय उरतात. टाकी काठोकाठ भरण्याचा आग्रह ग्राहकांनीही सोडायला हवा.