परातीतले तेल आणि समुद्रातले तेल

एका परातीत पाणी घ्या. त्यात गोड्या तेलाचा एक थेंब टाका. थेंब बुडत नाही, पसरतो. आता तो बोटाने गोळा करून पाहा. जमत नाही ना? शाळेत मी हे मुलांना दाखवीत असे. एकदा एका पोराने विचारले, "गुरुजी, पाणी हलवलं तर?" मी परात हलवली. तेलाचे बारीक ठिपके झाले आणि सगळीकडे गेले. समुद्र तर सारखा हलतच असतो.

तुम्ही म्हणाल, आपण पुण्याची माणसे, आपला समुद्राशी काय संबंध? आहे तर! पुण्याजवळ लोणी काळभोरला पेट्रोलचा मोठा साठा आहे. तेथे ते मुंबईहून जमिनीखालच्या नळातून येते. मुंबईच्या कारखान्यांत कच्चे तेल शुद्ध होते, आणि कच्चे तेल आणतात टँकर जहाजे. मुंबई बंदरात जवाहर द्वीप नावाचे बेट आहे, तेथे ती लागतात. मोठ्या टँकरात लाख टनाहूनही जास्त तेल मावते. त्याच समुद्रात कोळी जाळे टाकतात.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. ७ ऑगस्ट २०१०, शनिवार. 'एमएससी चित्रा' हे मालवाहू जहाज न्हावा-शेवा बंदरातून बाहेर निघाले होते. 'खलिजिया-३' हे जहाज मुंबई बंदराकडे येत होते. दोघांची टक्कर झाली. माणसे वाचली. पण चित्रा एका अंगावर कलंडले. मालाच्या शेकडो मोठ्या पेट्या पाण्यात पडल्या. काही पेट्यांत कीड मारण्याचे विषारी औषध होते. शिवाय सुमारे ८०० टन तेल सांडले. बरे, चित्रा काही टँकर नव्हते. हे तेल त्याच्या स्वतःच्या इंजिनासाठी होते!

तटरक्षक दलाची जहाजे धावली. पण दिवस पावसाळ्याचे. तेल अडवायला पाण्यावर तरंगते कुंपण घालतात. लाटा उंच असल्या, की तेल त्याच्या वरून उडते आणि खालूनही सरकते. दुसरा उपाय औषध फवारण्याचा. लोकांना वाटते, औषध मारले की तेल नाहीसे झाले. तसे नसते. तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळते, एवढेच. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात हा उपाय करणे धोक्याचे.

तेल किनाऱ्याला लागले, तिवरांच्या झाडीत शिरले. तिवराची मुळे चिखलातून वर डोके काढून श्वास घेतात. त्यांवर तेलाचा लेप बसला की झाड गुदमरते. कोळंबीची आणि माशांची पिल्ले याच झाडीत वाढतात. वाळूवरचे तेल फावड्याने काढता येते हो, पण चिखलातले कसे काढणार?

नारळी पौर्णिमा त्या वर्षी २४ ऑगस्टला होती. पावसाळाभर होड्या किनाऱ्याला ओढून कोळी त्या दिवसाची वाट पाहत होते. आणि नेमके तेव्हाच लोकांना सांगण्यात आले, मासे खाऊ नका. गिऱ्हाईक फिरकेना. चूक जहाजांची, तोटा मात्र कोळणीच्या पाटीत.

म्हणून खरी राखण तेल सांडण्याआधी करायची असते. बंदरात जहाजांच्या जाण्यायेण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. बंदरातली माणसे रडारवर त्यांच्याकडे लक्ष ठेवतात, रेडिओवर बोलतात. दुसरी राखण जहाजाच्या बांधणीत. १९८९ साली अमेरिकेत अलास्काच्या किनाऱ्याजवळ 'एक्झॉन व्हाल्डीझ' हा टँकर खडकावर आदळला. सुमारे ३७,००० टन तेल समुद्रात गेले. त्यानंतर नव्या टँकरांना दुहेरी तळ आणि दुहेरी भिंत असावी, असा नियम आला. बाहेरचा पत्रा फाटला तरी आतला तेल धरून ठेवतो.

आणि मालवाहू जहाजांच्या इंधनाच्या टाक्या? त्यांच्या संरक्षणाचाही नियम झाला. तो १ ऑगस्ट २०१० पासून तयार होणाऱ्या मोठ्या जहाजांना लागू झाला. टक्कर झाली त्यानंतर सहाच दिवसांनी. चित्रा त्याआधीचे, जुने जहाज होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात तटरक्षक दलात 'समुद्र प्रहरी' हे जहाज दाखल झाले. समुद्रात सांडलेले तेल गोळा करण्यासाठीच ते बांधलेले आहे. तरी पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर डांबराचे काळे गोळे येतात. कोणत्या जहाजाचे, ते त्यांच्यावर लिहिलेले नसते. पायाला चिकटले तर साबणाने निघत नाहीत. खोबरेल तेल लावून पुसावे लागतात.